काम बदलण्याचा हक्क

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दोन जुने सोबती भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सध्या काय करतोस?’ उत्तरेही बहुधा ठरलेलीच असतात. कुणी शिक्षक झालेला असतो, कुणी पोलीस खात्यात असतो, कुणी तलाठी, कुणी आरोग्यसेविका, कुणी एस.टी.त वाहक; आणि कुणी वयाची तिशी ओलांडल्यावरही पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात खोली करून ‘तयारी’ करीत असतो. या उत्तरानंतर आणखी एक प्रश्न विचारावयास हवा, तो मात्र आपण गिळून टाकतो : ‘आणि त्यात मन रमते का?’

तो न विचारण्यामागे कारण आहे. बीड जिल्ह्यातील ज्या घरांतून वसतिगृहांत मुले येतात, त्यांतील कित्येक घरांना दसरा-दिवाळीनंतर कुलूप लागते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरलेला असतो, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत काढायचे असतात. अशा आईवडिलांच्या मुलाने महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असताना ‘मन रमत नाही’ असे म्हणावे, हे ऐकणाऱ्यास चोचले वाटतात. म्हणून तो बोलत नाही. आणि घरचेही विचारीत नाहीत.

तरीही माझे म्हणणे असे आहे की, हा प्रश्न चोचल्यांचा नाही. आपल्याला कोणते काम करण्यात रस आहे हे ओळखणे आणि त्यानुसार आयुष्याच्या मध्यावरही काम बदलणे, हा आपल्या समाजाने मोठ्या किमतीने मिळवलेला हक्क आहे. तो वापरायचा कसा, एवढेच आपण अजून नीट शिकलेलो नाही.

जन्माने ठरलेले काम

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषण तयार केले. त्यातील विचार आयोजकांना पेलले नाहीत, अधिवेशन रद्द झाले, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. या ग्रंथातील धर्मचिकित्सेची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु त्यात उपजीविकेविषयी जे विवेचन आहे, त्याकडे तितके लक्ष जात नाही.

जात म्हणजे श्रमविभागणीच होय, असे जातीचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक पायऱ्यांची. माणसाचा कल, त्याची कुवत, त्याची आवड यांना तीत जागाच नाही. आईबापांचा दर्जा पाहून मूल जन्मण्यापूर्वीच त्याचे काम ठरते. पुढे ते अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहतात. उद्योगधंदे सतत बदलत असतात, एक धंदा बसतो, दुसरा उभा राहतो. अशा वेळी माणसाला काम बदलण्याची मोकळीक हवी. जात ती मोकळीक देत नाही, म्हणून ती बेकारीचेही कारण ठरते. आणि ज्या कामात माणसाचे हृदयही नाही व बुद्धीही नाही, त्या कामात कार्यक्षमता येणार कोठून, हा त्यांचा सवाल आहे. कामात मन असण्या-नसण्याचा प्रश्न बाबासाहेबांनी असा थेट समाजरचनेच्या चर्चेत आणून ठेवला. त्याला चोचले म्हणण्याची सोय त्यांनी आपल्याला ठेवलेली नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी हे पुस्तक वाचले नव्हते. पण त्यांनी ते जगून दाखवले. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. १९२८ साली वतनी कामांच्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ते विधेयक आपल्यासाठी नव्हते. पण मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोहोचवणे, येसकरकी करणे ही गावकीची कामे इथेही होतीच. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ती टाकून दिली. त्यांच्यापुढे दुसरी नोकरी तयार नव्हती. बलुत्याची भाकर बंद झाली, काही ठिकाणी बहिष्कार पडला, तरी त्यांनी ते काम पुन्हा हाती घेतले नाही. आज ‘करिअर बदलणे’ हा शब्द शहरी आणि नवा वाटतो. आपल्याकडे ते एकेकट्याने केले नाही, वस्तीच्या वस्तीने केले, आणि तेही सत्तर वर्षांपूर्वी.

मग आज असे का व्हावे की त्याच घरांतील सुशिक्षित तरुण नको असलेल्या कामात वीस वर्षे मान खाली घालून बसतो? याचे कारण असे दिसते की, जन्माने ठरलेले काम गेले, पण त्याच्या जागी भीतीने ठरलेले काम आले. सरकारी नोकरी मिळाली तर माणूस सुटला, नाहीतर बुडाला, एवढी एकच मोजपट्टी आपल्या हाती राहिली. सरकारी नोकरीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. आरक्षणामुळे मिळालेल्या त्या नोकऱ्यांनीच आपल्या एका पिढीला पक्के घर, मुलांचे शिक्षण आणि चारचौघांत बोलण्याचे बळ दिले. परंतु वाट एकच उरली की तिच्यावर गर्दी होते, आणि गर्दीत माणूस स्वतःचा कल विसरतो. डी.एड. करून शिक्षकभरतीची वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी आपण पाहिलीच आहे.

छंद या शब्दाचा अर्थ

मराठीत ‘छंद’ म्हटले की रिकाम्या वेळचा उद्योग डोळ्यांपुढे येतो. पाली भाषेत हाच शब्द फार वजनदार आहे. भगवान बुद्धांनी कार्यसिद्धीचे चार आधार सांगितले, त्यांना इद्धिपाद म्हणतात : छंद, विरिय, चित्त आणि वीमंसा. म्हणजे करण्याची मनापासूनची इच्छा, परिश्रम, एकाग्र मन आणि तपासून पाहण्याची बुद्धी. चारांत छंद पहिला आहे. तो नसेल तर पुढचे तीन उभे राहत नाहीत. आणि तो एकटाच असेल तर तोही टिकत नाही.

इच्छा तर तृष्णेतही असते. मग छंद आणि तृष्णा यांतला फरक कसा ओळखावा? संयुत्तनिकायात कोसंबीच्या घोसितारामातील एक प्रसंग आहे. उण्णाभ नावाचा ब्राह्मण आनंदांना विचारतो की, इच्छेनेच इच्छा सोडायची म्हणता, मग याला अंत कोठे? आनंद त्याला उलट विचारतात की, या आरामात येण्याची इच्छा तुला आधी झाली होती ना? आणि इथे पोहोचल्यावर ती शमली ना? ब्राह्मणास उत्तर मिळते. खरा छंद माणसाला कामापर्यंत आणून सोडतो आणि काम सुरू झाले की शांत होतो. तृष्णेचे तसे नसते. मिळाल्यावर ती आणखी वाढते.

आपल्या निवडींना ही कसोटी लावून पाहावी. एखाद्याला ‘साहेब’ व्हायचे असते. गाडी, दिवा, सलाम यांची चित्रे त्याच्या मनात असतात. पण कार्यालयातील फायली, सुनावण्या, पंचनामे, अहवाल यांचा विचार करताच तो कंटाळतो. त्याला पदाची तृष्णा आहे, कामाचा छंद नाही. दुसरा एखादा गावात कुणाचे रेशनकार्ड अडले, कुणाची निराधार योजनेची पेन्शन थांबली की आपणहून कागद घेऊन तहसीलला जातो, आणि काम झाल्यावर समाधानाने घरी येतो. प्रशासनाचा छंद याला आहे, मग त्याची परीक्षा निघो वा न निघो. त्याने वकिली करावी, कायद्याचा सल्ला देणारे केंद्र चालवावे, पत्रकारिता करावी. त्याचा छंद अनेक वाटांनी जाऊ शकतो. पद एकच असते, छंदाला मात्र वाटा पुष्कळ असतात. हे लक्षात आले की परीक्षेतील अपयशही वेगळे दिसू लागते.

आईबापांची काळजी

विनयपिटकात राजगृहातील उपाली नावाच्या मुलाची गोष्ट आहे. आपल्यामागे या मुलाने सुखाने जगावे, एवढीच त्याच्या आईबापांची इच्छा. ते विचार करू लागतात. याला लेखन शिकवावे, तर बोटे दुखतील. हिशेब शिकवावा, तर छाती दुखेल. नाण्यांची पारख शिकवावी, तर डोळे दुखतील. मग त्यांना सुचते की, भिक्खूंचे जीवन किती सुखाचे. चांगले भोजन मिळते, वाऱ्याचा उपद्रव नसलेल्या जागी निजायला मिळते, तेव्हा मुलाला भिक्खूच करावे! उपाली हे ऐकतो आणि आपल्या सवंगड्यांनाही सोबत नेतो; सतरा मुले संघात दाखल होतात. रात्र सरण्यापूर्वीच ती उठून रडू लागतात आणि पेज मागू लागतात. ही हकीकत कळल्यावर वीस वर्षांखालील कोणासही उपसंपदा देऊ नये, असा नियम बुद्धांनी घालून दिला.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजही आपल्या घराघरांत घडते. ‘यात कष्ट कमी, त्यात पगार पक्का, अमक्यात पेन्शन,’ असे मोजत आपण मुलासाठी काम निवडतो. आईबापांचा हेतू चांगलाच असतो. ज्यांची स्वतःची बोटे कोयत्याने सोलली, त्यांना मुलाची बोटे दुखू नयेत असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु दुखत नाही असे काम जगात नाही. कोणत्या कामातले दुखणे आपला मुलगा किंवा मुलगी आनंदाने सोसेल, हे शोधणे आईबापांच्या हाती आहे. बुद्धांनी त्या गोष्टीत आईबापांना दोष दिला नाही. निर्णयासाठी वय आणि समज हवी, एवढेच सांगितले. म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय आयुष्यभर बांधून घालणारा मानू नये. पंचविसाव्या, तिसाव्या, पस्तिसाव्या वर्षी तो पुन्हा तपासण्याची मोकळीक घरानेच दिली पाहिजे.

आष्टी तालुक्यातील मांडवा

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातील जो भाग शिकण्यासारखा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. आष्टी तालुक्यातील मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. १९९४ चा जन्म; आईवडील शेती आणि वीटभट्टीवरील मजुरी करणारे; शाळा सुमारे सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले, ते धावपटू होण्यासाठी नव्हे. घराला पगार हवा होता. त्यांना मिळाली महार रेजिमेंट. इंग्रज सरकारने एके काळी महारांची सैन्यभरती बंद केली होती. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली ही रेजिमेंट उभी राहिली; आज तीत सर्व समाजांचे जवान आहेत. एक बंद झालेला पेशा पुन्हा खुला झाला आणि पाऊणशे वर्षांनी त्याच दारातून आपल्या जिल्ह्याचा एक तरुण जगाच्या मैदानावर गेला, ही गोष्ट विसरू नये.

सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा ठिकाणी त्यांनी सेवा केली. २०१५ साली सैन्यांतर्गत क्रॉस-कंट्री स्पर्धेच्या निमित्ताने ते धावण्याकडे वळले. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून ते तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे स्टीपलचेसमध्ये उतरले. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ पर्यंत पुरुषांच्या या शर्यतीची सर्व पदके केनियाकडे गेली होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळे यांनी रौप्यपदक मिळवून ती साखळी तोडली. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्ण आले, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले.

या वाटचालीतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, त्यांची आवड खोलीत बसून आत्मपरीक्षण करताना सापडलेली नाही. हाती आलेले काम करताना सापडली. मांडव्याहून शाळेत जाता-येता स्टीपलचेस नावाची शर्यत जगात असते, हे त्यांना कळणार तरी कसे? जे आपण पाहिलेच नाही, त्याची आवड मनात असू शकत नाही. दोन, त्यांची कुवत दुसऱ्याच्या जाणत्या नजरेने ओळखली. तीन, नवी वाट धरताना पहिल्या वाटेचा आधार सुटलेला नव्हता. सैन्याची नोकरी आणि पगार होता, म्हणून पायाला बळ देण्यास अवधी मिळाला.

हीच तिसरी गोष्ट बाबासाहेबांच्या चरित्रातही दिसते. १९१७ साली बडोद्याची नोकरी त्यांना अपमानामुळे अल्पकाळातच सोडावी लागली. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. इथे एखादा स्थिरावला असता. बाबासाहेबांनी त्या पगारातून काटकसरीने पैसा साठवला. १९२० मध्ये राजीनामा दिला. छत्रपती शाहू महाराजांची मदत व नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले. आणि १९२३ मध्ये परतून त्यांनी वकिली सुरू केली. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. अर्थशास्त्राचा पंडित कायद्याकडे वळला, कारण ज्या लढ्यासाठी जगायचे होते त्याला स्वतंत्र व्यवसायाची गरज होती. आपल्यातील जे बत्तीस-पस्तीस वर्षांचे तरुण ‘आता वेळ गेली’ म्हणतात, त्यांनी हे वय ध्यानात ठेवावे. आणि जे आवेशाने उद्याच राजीनामा देऊ पाहतात, त्यांनी त्या आधीची दीड-दोन वर्षांची काटकसरही ध्यानात ठेवावी.

चार आधारांवर तपासणी

ज्याला काम बदलावेसे वाटते त्याने वर सांगितलेल्या चार इद्धिपादांवर स्वतःची तपासणी करावी, असे मला सुचवावेसे वाटते.

पहिला छंद. पैसा, टाळ्या, पद यांपैकी काहीही मिळणार नसताना मी पुन्हा पुन्हा कोणत्या कामाकडे वळतो? लोक कोणत्या कामासाठी आपणहून माझ्याकडे येतात? मोटार बिघडली की गल्ली ज्याला हाक मारते, लग्नाचा हिशेब ज्याच्याकडे सोपवला जातो, आजारी माणसापाशी रात्रभर जिला बसवले जाते, त्यांचा कल वस्तीला आधीच कळलेला असतो.

दुसरे परिश्रम. त्या कामाचा कंटाळवाणा भाग मला सोसेल का? ज्याला खानावळ काढायची आहे त्याने पहाटेचा भाजीबाजार, उधारी आणि भांड्यांचा ढीग यांचा विचार करावा. ज्याला गायक व्हायचे आहे त्याने जलशातील दोन तासांपेक्षा रोजच्या रियाजाचा विचार करावा.

तिसरे एकाग्र मन. ते काम करताना वेळेचे भान जाते की दर दहा मिनिटांनी हात मोबाइलकडे जातो? याचे उत्तर स्वतःशीच द्यायचे असते. इतरांना ते कळत नाही.

चौथी मीमांसा, आणि हीच आपण सर्वांत कमी करतो. नवे काम प्रत्यक्ष करून पाहावे. रविवार, दिवाळीची सुट्टी, रजा यांत ते लहान प्रमाणात करावे. ते काम दहा वर्षे करणाऱ्या दोघांना भेटावे. त्यांतला एक यशस्वी असावा, एक नसावा. घरखर्चाचा हिशेब कागदावर मांडावा. किती महिने तग धरता येईल, कर्ज किती, आईवडिलांच्या औषधांचे काय, हे घरच्यांसमोर बसून लिहावे. स्पर्धा परीक्षेलाही हीच शिस्त लावावी. राज्यसेवेसाठी मागासवर्गीय उमेदवाराला ४३ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. पण कायद्याने दिलेली ही कमाल मर्यादा आहे, आयुष्याचे वेळापत्रक नव्हे. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर काय, हे पहिल्या प्रयत्नापूर्वीच ठरवावे.

या चारांच्या वर एक पाचवी कसोटी धम्मानेच दिली आहे, ती सम्यक आजीविकेची. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी सांगितले. त्यामागील सूत्र असे की, दुसऱ्याच्या दुःखावर आपले पोट भरू नये. एखाद्याला माणसे जमवण्याची, व्यवहाराची उत्तम हातोटी असेल. पण ती उचलीच्या फासात मजूर अडकवण्यासाठी किंवा गुटखा आणि मटका यांसाठी वापरली, तर त्या छंदाला काय करायचे? तीच हातोटी शेतमालाच्या व्यापारात, बचत गटात, दुकानात वापरता येते.

नव्या वाटेवर जाताना जुने शिक्षण वाया गेले, अशी खंत पुष्कळांना छळते. सोण नावाचा एक भिक्खू पूर्वाश्रमी श्रीमंत घरातला आणि वीणा वाजवणारा. संघात आल्यावर त्याने इतका अतिरेकी उद्योग केला की चंक्रमण करताना पायांतून रक्त आले, आणि त्याला घरी परतावेसे वाटू लागले. बुद्धांनी त्याला वीणेबद्दलच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर? जे त्याला आधी येत होते, त्यातूनच त्याला नवे समजले. पूर्वीचे काम असे उपयोगी पडते. दहा वर्षे कारकुनी केलेल्याला कागद कळतो. वाहकाला माणसे कळतात. शेतमजुराला वेळ आणि ऋतू कळतात.

ज्यांना निवडच नाही

या सर्व विवेचनाला एक रास्त आक्षेप आहे. ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याला आवडीच्या गोष्टी काय सांगता? आक्षेप खरा आहे. फडावरच्या माणसासाठी पहिला बदल आवडीचा नसतो, कोयता हातातून सुटण्याचा असतो. ती सुटका उपदेशाने होत नाही. त्याला हंगामी वसतिगृह, निवासी शाळा, गावात मिळणारे काम आणि वेळेवर मिळणारे कर्ज लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ पासून आली आहे. निवासी विद्यालये हे काम त्याआधीपासून करीत आली आहेत. मूल शाळेत टिकले म्हणजेच त्याच्यापुढे निवडीचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून ज्यांना आज निवड आहे, त्यांनी ती भीतीपोटी न वापरता टाकून देऊ नये. ती मिळवून देण्यासाठी कुणीतरी फडावर राबले आहे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. स्थलांतराच्या काळात मुलीला मागे कुठे ठेवायचे, या चिंतेतून तिचे लग्न लवकर उरकले जाते, आणि तिची आवड कोणी विचारण्यापूर्वीच तिचे काम ठरते. आपल्या माजी विद्यार्थिनींपैकी ज्यांचे शिक्षण असे मध्येच थांबले, त्यांच्यासाठी तिशीत पुन्हा पुस्तक हाती घेणे हाच काम बदलण्याचा पहिला टप्पा आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच उभे आहे. सासरच्या मंडळींनी आणि नवऱ्याने संध्याकाळचे दोन तास तिच्यासाठी मोकळे करून दिले, तर त्याहून मोठी देणगी कोणती?

विद्यालय आणि माजी विद्यार्थी यांच्याकडून

स्मरणिकेत गौरव होतात, ते व्हावेतच. पण या निमित्ताने तीन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले, माजी विद्यार्थ्यांची यादी पदानुसार न करता कामानुसार करावी. आणि त्यांतील गवंडी, परिचारिका, सुतार, छायाचित्रकार, रोपवाटिका चालवणारे, वकील अशा प्रत्येकाने वर्षातून एक दिवस नववी-दहावीच्या मुलांना आपले काम प्रत्यक्ष दाखवावे. भाषण नको, काम दाखवावे. जे पाहिले नाही त्याचा छंद लागत नाही, हे आपण वर पाहिलेच.

दुसरे, काम बदलू पाहणाऱ्या आपल्या माणसासाठी माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी उभारावा. नवल भथेना यांच्यासारखा विश्वासाने कर्ज देणारा मित्र प्रत्येकाच्या नशिबी नसतो; पण शंभर जणांनी मिळून तो मित्र होता येते. त्याच्या जोडीला महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, बार्टी, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती यांची माहिती देणारा एक तरी जाणकार हाताशी असावा.

तिसरे काम पैशाचे नाही. ज्याने नोकरी सोडून काही वेगळे केले आणि ते जमले नाही, त्याची वस्तीत थट्टा होऊ नये. सामूहिकपणे गावकी सोडणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांची भाकर वाटून घेतली होती, म्हणून ते मागे फिरले नाहीत. आज एकेकटा निघणाऱ्या मुलामुलींना त्या भाकरीची गरज नसेलही, पण ‘पुन्हा बघ, आम्ही आहोत’ एवढ्या शब्दांची गरज नक्कीच आहे. ते शब्द आपण देऊ शकलो, तर आपल्या विद्यालयातून बाहेर पडणारे मूल पोटासाठी एक काम शिकेल आणि वेळ आली तर दुसरे निवडण्याचे धैर्यही सोबत नेईल.

सर्वांचे मंगल होवो.